एकशे तेरा किलोमीटर आणि बहात्तर पायऱ्या

मेस्त्रींचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा, आणि त्यांच्याच इमारतीची लिफ्ट तीन महिने बंद! काम अर्ध्या तासाचं. पण मेस्त्रींच्या डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलेलं, सरावापुढे लिफ्टकडे बघतो कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत कुरकुरल्या, की हे ऐटीत म्हणायचे, "जिने चढा मावशी, पाय मजबूत होतात!"

आज मेस्त्रींनी ती स्पर्धा पुरी केली. दोन किलोमीटर पोहले, नव्वद किलोमीटर सायकल हाणली, एकवीस किलोमीटर धावले आणि शेवटून तिसरे का होईना, पोचले. गळ्यात पदक मिरवत टॅक्सीतून उतरले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि पायांनी संपच पुकारला. घर चौथ्या मजल्यावर. मेस्त्रींनी तिथेच बसकण मारली.

मागून मावशी आल्या. त्यांनी पदक उलटसुलट करून पाहिलं.

"शाब्बास! आता जिने चढा, पाय मजबूत होतात," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तरातरा वर गेल्या. धाप नाही की काही नाही.

वरून बायकोने हाक मारली, "अहो, येताय ना? ताट वाढलंय!"

"आधी माझी हत्यारांची पेटी खाली पाठव!" मेस्त्री ओरडले. "लिफ्ट आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो!"

"खाली कशाला? बिघाड गच्चीवरच्या मोटरमध्ये आहे, तुम्हीच नाही का सांगितलंत?"