चिंचेनं उतरलेलं सोनं

लातूरच्या दुकानातून आल्यावर ह्यांनी खिशातून एक टूल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. लेथवर लोखंड कापायचं, करंगळीएवढं, पण पिवळंधमक.

"बीएस्सी बाई, काढा तुमची केमिस्ट्री! टायटॅनियमचं कोटिंग हाय म्हणं. दुप्पट वेगानं चालवा, धार जात न्हाई."

मी चिंच-मीठ लावून तासभर ठेवलं, राखेनं घासलं. रंग तसाच. माझ्या धाकट्या भावाला, शरणप्पाला, मीच सांगितलं, "खरंय रे. घे."

त्याचा लेथ रेणापुरात. जिल्हा नवा झालेला, त्यात दुष्काळ. पाणी खोल गेलं म्हणून हातपंपांना वाढीव रॉड लागत होते, आणि त्या रॉडांना आटे पाडायचं काम त्याला मिळालं होतं. पहिलंच सरकारी काम. आठ गावांचे पंप त्यासाठी उघडून ठेवलेले. ह्यांनी त्याला तसली बारा सोनेरी टूलं विकली.

पाचव्या दिवशी शरणप्पानं ती ओट्यावर उपडी केली. टोकं जळून काळी पडलेली.

"अक्का, वेग वाढवला की टोक जळतंय, आटे फाटतेत. चाळीस रॉड भंगारात गेले. परवापर्यंत दिले न्हाईत तर काम दुसऱ्याला देणारेत."

"लेथ जुना हाय तुझा," हे म्हणाले. "हात बी."

"तेवीस वर्षांचा हात जुना कसा, दाजी?"

मी एका टूलाच्या न जळालेल्या बाजूला चिंच चोळली. चहा उकळायच्या आत सोनं माझ्या बोटाला लागून आलं. खाली साधं करडं पोलाद.

पोलाद वाळूत सावकाश तापवलं की आधी पिवळं पडतं, मग निळं; पिवळ्यावरच काढलं तर सोन्यासारखं दिसतं. कॉलेजात हे वहीत उतरवलं होतं मी. आणि गेल्या आठवड्यात हे दुपारभर कढईत वाळू तापवत बसले होते. "काय भाजायलात?" विचारलं तर म्हणाले, "शेंगा." शेंगांचा वास आला नव्हता. पोरगी भाजेल म्हणून मी तिला कडेवर घेऊन लांब उभी राहिले. लक्ष सगळं तिच्या हातांकडे.

फळीखालून ती कढई ओढून मी शरणप्पापुढे ठेवली. वाळू अजून तशीच होती.

हे जागचे हलले नाहीत. "तू तपासलेलं खरंच होतं की. तू कुठं खोटं बोललीस? तुझ्या शब्दावर त्यानं घेतलं, बस."

शरणप्पा त्यांच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. "अक्का, कढई तुझ्याच घरातली. तुला ठाऊक नव्हतं?"

"पोरीची शपथ, न्हाई रे."

मी पहिल्यांदा तपासलेलं ते नमुन्याचं टूल देवळीतून काढून त्याच्या हातात दिलं. "हे खरं हाय. ह्याच्यावर तरी परवापर्यंत काम निघंल. जा."

त्यानं ते उजेडात धरलं, फिरवून बघितलं. मग पाट ओढून खाली बसला.

"चिंच दे," म्हणाला. "मीच घासून बघतो."