सुतळीने बांधलेला खण

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. ओळखण्याआधी माझ्यावरची धूळ कोणीतरी पुसायला हवी. मी एक जुना संगणक आहे. वाचनालयाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी बसून असतो. माझ्या डोक्यावर एक लाकडी खण ठेवला आहे आणि खणाला सुतळी लोंबते आहे. त्या सुतळीची गोष्ट सांगायची म्हणजे माझीच गोष्ट सांगावी लागते.

माझी पहिली नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होती. तिथे मी नट आणि बोल्ट मोजत असे. तेव्हा आमचं शहर, म्हणजे त्या वेळचं औरंगाबाद, फार जोरात वाढत होतं. वाळूजला रोज नवी शेड उभी राहायची आणि खेड्यातली पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन बजाजनगरला खोली शोधत फिरायची. कारखान्यात माझ्याहून हुशार यंत्र आलं. मग मालकांनी मला हार घालून शहरातल्या एका वाचनालयाला दान केलं. निरुपयोगी झालेली वस्तू दान करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते वर्ष ब्याण्णवचं.

वाचनालयात माझा मान मोठा होता. माझ्या खोलीत येताना चपला काढाव्या लागत. पुस्तकांकडे जाताना काढाव्या लागत नसत. कार्यवाह काकासाहेब मला दसऱ्याला झेंडूची माळ घालत आणि एरवी कोणाला हात लावू देत नसत. माझ्या पोटात मराठी अक्षरांची पट्टी बसवली होती आणि काम मात्र साधं होतं. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, विषय, यातलं काहीही विचारा, पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते मी सांगायचो. नसेल तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, "नोंद सापडली नाही."

मला हे सगळं शिकवलं लीलाबाईंनी. त्या हंगामी नोकर होत्या. लाकडी खणांतली पुस्तकांच्या नोंदींची कार्डं एकेक काढून त्या माझ्यात भरत. मध्येच त्या अडल्या. काही पुस्तकं विद्यापीठानं छापलेली होती. प्रकाशकाच्या रकान्यात विद्यापीठाचं नाव घालायचं, ते कोणतं?

मित्रांनो, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, या प्रश्नानं सबंध मराठवाडा पेटला होता. गावोगावच्या वस्त्यांत घरं जळाली, माणसं मेली, माणसं तुरुंगात गेली. लीलाबाईंचा थोरला भाऊ तुरुंगात गेलेल्यांतलाच. आमच्या कार्यकारिणीचं त्या मानानं कमी नुकसान झालं. तिच्या तीन बैठका झाल्या आणि चहा थंड झाला. शेवटी काकासाहेबांनी ठराव केला की नाव नक्की होईपर्यंत ही कार्डं संगणकात भरू नयेत. मग ती सगळी कार्डं एका खणात घातली, खणाला सुतळी बांधली आणि खण कपाटावर ठेवला. जुनं नाव आपल्या बोटांनी टंकायचं नाही, हे लीलाबाईंनी मनाशी कधीच ठरवलं होतं. त्यामुळे ठराव त्यांच्याही सोयीचा होता.

पुस्तकं कपाटात जागच्या जागी होती. फक्त ती आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी सूर्यभान आला. अजिंठ्याकडचा धनगराचा मुलगा, वाळूजला कामाला, बजाजनगरला खोली. चपला काढून दारातच उभा राहिला.

"लेखक कोण?" काकासाहेबांनी विचारलं.

"ठाऊक नाय."

"पुस्तकाचं नाव?"

"त्येबी नाय."

"मग ठाऊक काय आहे तुम्हाला?"

"बाप," सूर्यभान म्हणाला. "त्या पुस्तकात माझ्या बापाचा फोटू हाय. घोंगडी इणतानाचा. पुस्तकात छापनार म्हनून फोटूवाला सांगून गेल्ता, माय सांगती. दुसरा फोटूच नाय त्येचा. मी पाळन्यात होतो तवा त्यो गेला."

काकासाहेबांनी बापाचं नाव विचारून एका बोटानं टंकलं, सांडू. मी सांगितलं, नोंद सापडली नाही. मग त्यांनी 'विषय' निवडून घोंगडी टंकलं. मी तेच सांगितलं. 'नाही' आणि 'मला माहीत नाही' यांसाठी मला एकच वाक्य शिकवलं होतं.

"बघा, मशीननं दोनदा सांगितलं," काकासाहेब समाधानानं म्हणाले. "म्हणजे जगात नाही."

पुढच्या सुट्टीला सूर्यभान आईला घेऊन आला. पुतळाबाई आल्या त्या थेट माझ्यासमोर बसल्या. खुर्चीवर, सुतळीवाला खण ठेवलेल्या कपाटाकडे पाठ करून, लीलाबाई होत्या.

"बाई," पुतळाबाई म्हणाल्या, "नाक आठवतंय. हसनं आठवतंय. पन समदं मिळून तोंड हुभं ऱ्हाईना गेलंय. एकदा बघू दे, मंग मरंना का म्हातारी."

"मरायला काय झालंय, मावशी?" लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनीही घोंगडी टंकून पाहिलं. मी पुन्हा तेच हिरवं वाक्य दाखवलं.

"काय म्हनतंय त्ये?"

"नाही म्हणतंय."

"आन् त्येला कोन सांगतं, काय हाय आन् काय नाय?"

"मी सांगते. मी भरते, तेवढंच त्याला कळतं."

"मंग तू भरलं नसन, माय."

"गप ना माय," सूर्यभान कुजबुजला.

लीलाबाईंनी मान वळवून कपाटावरच्या खणाकडे पाहिलं. मग त्या उठल्या, स्टुलावर चढल्या आणि खण खाली घेतला.

"लीलाबाई, ती सुतळी ठरावानं बांधलीय!" काकासाहेब ओरडले. "हंगामी आहात, ध्यानात असू द्या."

"आहे ध्यानात," लीलाबाई म्हणाल्या आणि दातांनी गाठ सोडली.

घोंगड्यांवरच्या पुस्तकाचं कार्ड सापडलं. आतल्या कपाटातून पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. पानं उलटता उलटता मधल्या एका पानावर हातमागावर बसलेला एक माणूस निघाला. खाली छापलं होतं, 'विणकर, अजिंठा परिसर.' नाव नव्हतं.

पुतळाबाईंनी त्या फोटोवर बोट ठेवलं, उचललं आणि परत ठेवलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "फोटूवाल्यानं हालू नको म्हनलं आसन, आन् ह्यो बाबा हसतोय. लई इरसाल होता."

नेमकी तेव्हाच वीज गेली. माझा पडदा काळा झाला. सूर्यभान वाकला आणि त्या काळ्या काचेत आधी स्वतःचं तोंड पाहिलं, मग फोटोतलं, मग पुन्हा स्वतःचं. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो पुस्तकं शोधून दिली. पण माझा सर्वांत चांगला उपयोग झाला तो मी बंद असताना.

"नाक त्येचंच हाय तुझं," पुतळाबाई म्हणाल्या. "अक्कल माझी हाय, म्हनून बरं."

पुस्तक घरी न्यायची मुभा नव्हती. निघताना पुतळाबाई दारात थांबल्या. "बाई, परत बघू वाटलं, आन् तू नसलीस इथं, तर? ह्ये मशीन तर नायच म्हनणार."

"नाही म्हणणार नाही," लीलाबाई म्हणाल्या. "नुसतं त्यांचं नाव सांगा. विद्यापीठाचं नाव एकदा ठरलं, की भरते मी."

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव ठरलं. जुन्या नावाच्या आधी बाबासाहेबांचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी लीलाबाई लवकर आल्या, त्यांनी खण उघडला आणि पहिलं तेच कार्ड घेतलं. प्रकाशकाच्या रकान्यात त्या सबंध नवं नाव सावकाश टंकू लागल्या. नाव मावेना. रकाना आखूड होता. लीलाबाईंनी नाव छाटलं नाही, रकाना मोठा केला. मग 'विषय' आला. घोंगडी. विणकाम. सांडू.

काकासाहेब मागे उभे होते. "सांडू हा विषय आहे?"

"आहे," लीलाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी चष्मा पुसला आणि ठरावाचा विषय काही काढला नाही.

पुढे माझे दिवस फिरले. झेंडूची माळ नव्या यंत्राला गेली. माझ्या पोटातलं सगळं त्यात ओतून घेतलं, आणि आता तुम्ही घरबसल्या फोनवर आमच्या कपाटांत शोध घेऊ शकता. शहराचंही नाव बदललं. या वेळी कोणी खण बांधून ठेवला नाही. नव्या यंत्राला दोन्ही नावं कळतात म्हणे.

मला पुसलं नाहीत तरी चालेल. एवढंच करा, पडद्यावर 'नोंद सापडली नाही' असं आलं, की लगेच घरी जाऊ नका. कोणी काय भरायचं बाकी ठेवलंय ते विचारा. जमलं तर कपाटापर्यंत चालत जा. यंत्राला जेवढं सांगाल तेवढंच ते जपतं, म्हणून सांगताना माणसं गाळू नका.

परवा अडगळीच्या दाराबाहेर नव्या दोघी मुली बोलत होत्या.

"या विणकामाच्या पुस्तकाला विषय म्हणून सांडू का लावलंय गं? सांडू ना लेखकाचं नाव, ना गावाचं. चूक दिसते. काढू?"

"नको, राहू दे," दुसरी म्हणाली. "बजाजनगरहून कोणीतरी सारखं तेच शोधतं."