गच्चीवरची भाजी

धाकट्या जावेला पुन्हा दिवस गेले आणि सासूबाईंनी तिच्यासाठी बाजारची भाजी बंद केली. पहिलं पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. सासूबाईंना ते दोन मिनिटांत सापडलं: भाजीवर मारलेली औषधं. तेव्हापासून धाकटीच्या ताटात फक्त गच्चीवरचं, त्यांच्या हातचं.

खोटं कशाला बोलू, बाग झकास लावली होती. पालक, मुळा, टोमॅटो. सासूबाई चष्मा लावून एकेक अळी बोटांनी वेचायच्या. माती चाळलेली, खत घरचं. "माझ्या भाजीत विष नाही हो," असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या.

विष पिंपांत होतं. सासरे हयात असताना धान्याच्या गोदामात फवारणीचं काम करायचे. सासूबाईंनी पाणी साठवायला पिंपं हवीत म्हणून डोकं खाल्लं, तेव्हा त्यांनी तिथलीच औषधाची रिकामी पिंपं लेबलं खरवडून आणली. नंतर त्यांनाच धास्ती वाटली. बायकोला सांगायची छाती नव्हती, म्हणून मला म्हणाले, "सूनबाई, यातलं पाणी कपड्यांनाही घेऊ नकोस. कितीही धू, आत मुरलेलं असतं." पुढच्याच महिन्यात ते गेले. त्या गडबडीत पाणी भरायचं राहून गेलं आणि पिंपं गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहिली.

कुंड्या करायला सासूबाईंनी ती कापायला काढली, तेव्हा मी तोंड उघडणारच होते. त्या करवत घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तू घट्ट धर गं. तुझं काय, तुला काही जपायचं नाहीये." मूल नाही म्हणून अकरा वर्षं मी हेच ऐकत होते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी पिंप घट्ट धरलं.

धाकटी स्वभावाने साधी. वाटीभर भाजी माझ्या खोलीत आणून द्यायची. "ताई, तुम्हीही खा ना, ताजी आहे." तिची पाठ वळली की मी ती मागच्या गटारात टाकायचे आणि वाटी घासून परत करायचे. उद्या सांगून टाकू, असं रोज ठरवायचे. रोज सासूबाई काहीतरी लागेल असं बोलायच्या आणि माझं सांगणं राहून जायचं.

पाचव्या महिन्यात तिला दवाखान्यात हलवावं लागलं. मूल वाचलं नाही. पिंपांमुळे की आणखी कशामुळे, मला आजही माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आणल्यावर सासूबाई तिच्या पलंगापाशी उभ्या राहिल्या. "एवढं मरमर मरून पिकवलं मी. तू बाहेरचं काहीतरी खाल्लंस. खरं सांग."

"नाही हो आई. शप्पथ नाही."

"मग काय माझ्या भाजीने गेलं?"

तिच्या नवऱ्याने मान फिरवली. त्यालाही आईचंच खरं वाटत होतं. धाकटीने माझा हात पकडला. तिचे हात गार पडले होते.

"ताई, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही घरीच असता. मी खाल्लं का हो बाहेरचं काही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी काय चोवीस तास तुझ्या मागे असते?" मी म्हणाले आणि हात सोडवून घेतला.