तीन नावांची मांजर आणि मी पिंजरा

मी एक पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, वाघाचा तर नव्हेच. मांजर पकडायचा. लांबट, जाळीचा, एका टोकाला सरकतं दार आणि दुसऱ्या टोकाशी आमिष ठेवायची जागा. मध्ये तळाला पत्र्याची एक पट्टी आहे. तिच्यावर पाय पडला की दार खाली येतं. माझी सगळी बुद्धी त्या पट्टीत आहे. माणसांची कशात असते, हे इतकी वर्षं त्यांच्यात राहूनही मला सांगता येणार नाही.

माझा जन्म जपानात, निइगाताकडच्या एका कारखान्यात झाला. जाळी वाकवणाऱ्या बाईंनी माझ्या आतल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. आत येणाऱ्याला ओरखडा उठू नये म्हणून. पकडायचं, कोंडायचं, पण दुखवायचं नाही, हा सभ्यपणा मला जन्मतःच मिळाला. पुढे ज्या वस्तीत मी आलो तिथे तो सगळ्यांकडेच भरपूर होता.

ही वस्ती बंदराच्या वरच्या चढावर आहे. घरं जुनी, माणसं त्याहून जुनी. वस्तीच्या मंडळाने मला मुळ्यांची नासधूस करणाऱ्या उदमांजरासाठी विकत घेतलं. उदमांजर काही आलं नाही. पहिल्या दिवशी शेजारचा कुत्रा सापडला, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा. आमिष त्याला फार आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी मला अडगळीत टाकण्यात आलं आणि मंडळाच्या सभेत माझे आभार मानण्यात आले.

मग सुक्या मासळीच्या दुकानवाल्या हात्सुए आजींनी मला मागून नेलं. त्यांनी मला आडवं टांगलं आणि माझ्या जाळीवर माकुळ वाळत घातले. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. मी पिंजरा आहे हे मी विसरलो, आणि तो वास माझ्या तारेतारेत असा मुरला की पावसात भिजलो तरी गेला नाही. आयुष्यात आपण कशाच्या कामाला येऊ याचा नेम नसतो.

वस्तीत एक मांजर होती. तिचा रंग गंजलेल्या पत्र्यासारखा. मला ती नात्यातली वाटायची. ती कुणाची नव्हती. हात लावू द्यायची नाही, घरात शिरायची नाही. वस्तीत तिच्याविषयी एक सूचना लागली होती: 'भटक्या मांजरांना कृपया खाऊ घालू नये. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली सगळ्यांच्या सह्या. शिवाय घरोघरी दारापुढे पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. त्या चमकल्या की मांजर घाबरून पळतं म्हणे. ती त्याच बाटल्यांना पाठ टेकून ऊन खायची.

माशांची वाळवणं सुरू असताना तिचं पोट मोठं दिसू लागलं, आणि मंडळाची सभा भरली. मला पुरावा म्हणून की काय, मध्यभागी ठेवलं होतं.

अध्यक्ष कात्सुमाता पूर्वी बोटीच्या तिकिटांच्या खिडकीवर होते. समोरच्याकडे ते अजूनही तसंच पाहतात, म्हणजे त्याला कुठे जायचंय तेवढंच त्यांना हवं असतं. ते म्हणाले, "मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्यावी असा विचार आहे. कुणाची हरकत?"

या वस्तीत कुणी 'नाही' म्हणत नाही. 'जरा अवघड आहे' म्हणतात. 'हो'ही कुणी म्हणत नाही. 'आपण म्हणाल तसं' म्हणतात. त्यामुळे सभेनंतर काय ठरलं ते शोधायला दुसरी सभा लागते.

न्हावी निशिवाकी म्हणाला, "पोट बघा तिचं. आज ना उद्या पाच-सहा पिल्लं होणार. पुढच्या वर्षी त्यांची पाच-सहा. मग आपणच कुठेतरी राहायला जाऊ."

"आणि खरंच पोटुशी असली तर?" हात्सुए आजी म्हणाल्या. "आतल्यांचं काय? बिचारीची एकदा सुटका होऊ द्या की."

"पोटात पिल्लं आहेत की अन्न, हे कसं कळणार?" अध्यक्ष म्हणाले.

"अन्न कुठून येणार, अध्यक्ष? इथे तर कुणी घालतच नाही."

यावर सगळ्यांनी आपापल्या चहात पाहिलं. कुणाची हरकत दिसली नाही.

सण जवळ आला होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष हातोडी घेऊन वस्तीभर फिरले. कठडे, पायऱ्या, कोठार, जे हललं ते ठोकलं. त्या संध्याकाळपासून मांजर ओरडू लागली. विहिरीजवळ, भिंतींवरून, छपरांवरून तिचा घोगरा, ओढलेला आवाज येत राहिला. "कळा सुटल्या वाटतं," लोक म्हणाले आणि खिडक्या लावून घेतल्या. आजींनी मात्र लावली नाही.

सकाळी मला आजींच्या दुकानामागे ठेवलं. आत तळलेल्या कोंबडीचा तुकडा होता, पण खरं सांगायचं तर त्याची गरज नव्हती. माझ्या अंगाला माकुळांचा वास होता. ती आली. आत पाहिलं, माझ्या तारा हुंगल्या. पाय पट्टीवर पडला आणि मी माझं काम केलं.

ती जाळीवर आदळली, एकदा, दोनदा. नाक सोललं. निशिवाकीने माझ्यावर केस कापायची चादर टाकली, तेव्हा ती थांबली. अंधारात ती माझ्या कोपऱ्याला चिकटली, आणि मला तिच्या पोटाची ऊब लागली. ती ऊब नव्हती, आग होती. मला त्यातलं काय कळणार! मी लोखंडाचा.

दवाखान्यात तिघे आले होते: अध्यक्ष, निशिवाकी आणि आजी. डॉक्टर शिराकी या तरुण बाई. त्यांनी मांजरीला भूल दिली, आत नेलं, आणि रिकाम्या मला बाहेरच्या खोलीत तिघांच्या पायांशी ठेवलं. दवाखान्याच्या हिरव्या सपाता घातलेले सहा पाय माझ्यासमोर होते. एकही हलत नव्हता.

थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आल्या. हातमोजे तसेच होते.

"पोटात पिल्लं नाहीत," त्या म्हणाल्या.

आजींनी श्वास सोडला.

"ती बाहेर आहेत. ही बाळंत होऊन दोन आठवडे झालेत. पोट म्हणजे दूध आणि कुणाचं तरी प्रेम. पण कालपासून कुणी प्यायलेलं नाही. आचळं दगड झालीत. पिल्लं कुठे आहेत?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथेही सभा भरणार.

"अहो, एवढीशी पिल्लं आईविना किती तग धरतील? ही कुठून येते, कुठे जाते, काहीतरी ठाऊक असेल. हिला खायला कोण घालतं?"

शेवटी आजी म्हणाल्या, "पहाटे माझ्याकडे येते. मामे म्हणते मी तिला. सुकटाची डोकी असतात, ती घालते."

"आजी!" अध्यक्ष म्हणाले. "सूचनेवर तुमची सही आहे."

"सूचना पुढच्या दारावर आहे, अध्यक्ष. मी मागच्या दारी घालते."

निशिवाकी घसा खाकरून म्हणाला, "दुपारी माझ्याकडे असते. साबी म्हणतो मी तिला, गंजाच्या रंगामुळे. गिऱ्हाईक नसलं की दारातून खुर्चीकडे बघत बसते."

"म्हणजे दिवसभरच म्हणा," आजी म्हणाल्या.

"आणि खाऊन कुठे जाते?" डॉक्टरांना हसायला वेळ नव्हता.

"भिंतीवरून विहिरीकडे," आजी म्हणाल्या.

"माझ्याकडूनही विहिरीकडेच. नाल्याच्या कडेने. पण तिथे काही नाही, मी पाहिलंय."

मग दोघांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चष्मा पुसत होते. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता.

"संध्याकाळी," ते म्हणाले. "ओसरीवर. मी मुद्दाम नाही घालत. माशाचा तुकडा उरतो."

"एकट्याच्या ताटात रोज उरतो?" आजींनी विचारलं.

"तिला मी सन्माननीय सदस्या म्हणतो. मंडळात तेवढीच एक आहे जी तोंडावर बोलते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हल्ली ती तुकडा तिथे खात नाही. तोंडात धरून विहिरीमागच्या कोठारात जाते. सणाचं सामान ठेवतो ना आपण, तिथे. खालची एक फळी तुटली होती, तिथून ती आत…"

ते थांबले. त्यांचा चेहरा माझ्या पत्र्याच्या पट्टीसारखा झाला.

"तुटली होती?" डॉक्टर म्हणाल्या.

"काल दुपारी बसवली मी. ती बाहेर भिंतीवर होती. पाहून घेतलं आधी. ती आत अडकू नये म्हणून पाहूनच ठोकली."

या माणसांविषयी मला पुष्कळ काही बोलता येईल. पण असली चूक करायलाही आधी थांबून, वळून, मांजर कुठे आहे ते पाहावं लागतं. ते सगळ्यांच्या हातून होत नाही. तिघांपैकी कुणीही एकाने, कधीही, दुसऱ्याला मोठ्याने एवढंच विचारलं असतं की ही रोज विहिरीकडे का जाते, तर फळीला हात लागला नसता. पण विचारायचं म्हणजे घालतो हे कबूल करायचं.

डॉक्टर भराभर बोलल्या. "आत्ता जागी करून सोडली, तर पुन्हा या पिंजऱ्यात पाय ठेवणार नाही, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पोट. म्हणून मी आत्ताच करते. पोटाऐवजी कुशीतून छेद घेते, म्हणजे पिल्लांना पिता येईल. संध्याकाळी घेऊन जा. हा दुधाचा डबा, ही बाटली. पिल्लं गार असतील तर आधी ऊब, मग दूध. उलट करू नका."

आजी दारात थबकल्या. "डॉक्टर, आणि पोटातच असती तर?"

"तर मी तुम्हाला विचारलं असतं," डॉक्टर म्हणाल्या, "आणि तुम्ही तिघांनी सांगितलं असतं, डॉक्टर म्हणतील तसं."

निशिवाकीने सवयीने मलाही उचलून गाडीत टाकलं, म्हणून पुढचं मी पाहिलं.

अध्यक्षांचं काम पक्कं असतं. खिळे गरजेच्या दुप्पट होते. किल्लीने कोठाराचं मोठं दार उघडलं, पण आत पालखीची लाकडं आणि कंदिलांच्या पेट्या भिंतीला भिडवून रचलेल्या. मागच्या कोपऱ्यात माणूस पोचणार नव्हता. म्हणून ते बाहेरून गुडघ्यांवर बसून खिळे उपसू लागले. निशिवाकी म्हणाला, "द्या इकडे." ते म्हणाले, "मी ठोकलेत." फळी निघाली. आजी आडव्या झाल्या, वयाला न शोभेल अशा, आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"आहेत," त्या म्हणाल्या. "सणाच्या अंगरख्यांत आहेत."

एकेक बाहेर आलं. पहिलं ओरडत. दुसरं तोंड उघडत होतं, आवाज नव्हता. तिसरं आजींच्या बोटाला चिकटून आलं. चौथं तळहातावर ठेवून आजी बराच वेळ चोळत राहिल्या. श्वास फुंकला, गळ्यातला पंचा गुंडाळला, पुन्हा चोळलं. मग चोळायच्या थांबल्या.

अध्यक्षांनी रुमाल पुढे केला. त्यांनी त्याला गुंडाळलं आणि विहिरीमागच्या झाडाखाली स्वतः खड्डा केला. निशिवाकी उरलेल्यांना शर्टाच्या आत धरून उभा होता. आधी ऊब, मग दूध.

दिवस कलला तेव्हा मला पुन्हा दवाखान्यात नेलं आणि मी तिला परत घेऊन आलो. ती माझ्यात बसली होती, कुशीचे केस कापलेले. डाव्या कानाचं टोक पाकळीसारखं कापलं होतं. मादीचा डावा, नराचा उजवा. शस्त्रक्रिया झाल्याची ती खूण; तो कान दिसला की पुन्हा कुणी तिला धरत नाही. पिल्लं पोट भरून कोठारात त्यांच्याच अंगरख्यांत ठेवली होती. फळीच्या जागी भोक होतं. माझं दार त्या भोकाकडे करून निशिवाकीने उघडलं आणि दोरीने वर बांधलं.

ती बाहेर येईना.

"औषधाचा वास आहे तिला," आजी म्हणाल्या. "पिल्लांना आपला वास. ओळखेल का?"

"आपण इथून गेलो तर ओळखेल," अध्यक्ष म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं सर्वांत शहाणं वाक्य. तिघेही गेले.

आतून एक चिरका आवाज आला. तिचा कापलेला कान वळला. ती उठली, लटपटली, माझ्या पट्टीवरून चालत बाहेर पडली आणि भोकात शिरली. मग आवाज बंद झाले. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. दूध लागलं की असे बंद होतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

बऱ्याच वेळाने ती परत बाहेर आली. भिंतीच्या कडेने गेली, बुजवलेल्या मातीपर्यंत गेली नाही, वळली. नाल्यात पाहिलं. लाकडांखाली पाहिलं. आणि मग ती माझ्यापाशी आली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पुन्हा पाय ठेवणार नाही. ती माझ्यात शिरली. पार टोकापर्यंत गेली, प्रत्येक कोपरा हुंगला, हळू आवाजात हाक मारली. चौथं माझ्यात आहे का ते पाहत होती. मी दार पाडू शकलो नाही, दोरीने बांधलं होतं. बांधलं नसतं, तरी त्या क्षणी माझ्याने ते पडलं नसतं.

मग ती गेली. उरलेल्यांकडे.

आता पिल्लं मोठी झाली आहेत. त्यांनाही धरायची वेळ आली आहे. मी आजींच्या दुकानामागे आहे, जरा वाकलोय, गंज चढलाय. मी कुणाला वाईट वाटू देणार नाही. मला लावा, जरूर लावा. मी नसतो तर ती दर ऋतूला चार-चार जन्माला घालत, अर्धी गमावत झिजून गेली असती. पण दार पडलं की आत कोण आलं एवढंच पाहू नका. बाहेर तिची वाट कोण पाहतंय, हे कुणाला तरी विचारा. आणि विचारलं तर खरं सांगा. शेजाऱ्यांपुढे थोडी लाज जाते, बाकी काही जात नाही.

आज सकाळी अध्यक्षांनी मला झटकून ठेवलं. आमिष अजून घातलेलं नाही. ते आधी चढावरून घराघरात फिरताहेत. त्यांचा आवाज इथपर्यंत येतोय, तिकिटाच्या खिडकीवरचा, खणखणीत.

"काल तुमच्याकडे कोण कोण जेवून गेलं? माणसं नाही विचारत मी. मांजरं सांगा!"