एक नंबर मोठा

कापड बाजारातल्या त्या दुकानात सत्यशीला तिसऱ्यांदा आली होती. अकरा महिन्यांचा अंगद कडेवर, सासूबाई लंकाबाई शेजारी आणि पुढ्यात लहान मुलांच्या स्वेटरांचा ढीग.

हा टोचेल. त्याची बटणं अंगद गिळेल. निळ्याचा रंग गेला तर? बाह्या चोखायची सवय आहे लबाडाला.

"ताई, एवढ्या वेळात लोक लग्नाचा बस्ता बांधून जातात," दुकानदार म्हणाला.

"आमची सून बीएस्सी हाय," लंकाबाई म्हणाल्या. "सवेटराची पन परीक्षा घेती."

सत्यशीला हसली नाही. अंगदच्या अंगाला आजवर नवं कापड लागलंच नव्हतं. पोर हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही विकत आणायचं नाही, आलं की आधी दुसऱ्यांच्या लेकरांचं जुनं घालायचं, ही घरातली रीत. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ती या रीतीला हसली होती. सातव्या महिन्यातच हौसेनं झबलं-टोपडं विकत घेऊन आली होती. नवव्या महिन्यात मुलगी झाली, ती रडलीच नाही. डॉक्टरांनी कारण नीट समजावलं, तिला ते पटलंही. झबल्यावरून घरात कुणी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून साधा साबण घ्यायचा म्हटला तरी तिचे हात अडखळत.

अखेर तिनं राखाडी स्वेटर उचलला. मऊ, बिनबटणांचा. लंकाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"एक नंबर मोठा देतो," दुकानदार म्हणाला. "पुढच्या थंडीलाही होईल."

सत्यशीलानं अंगदला घट्ट धरलं. पुढची थंडी. असं आधीच धरून चालायचं?

"नको. मापाचाच द्या."

"अहो, पोरं महिन्या-महिन्याला वाढतात. संक्रांतीपर्यंत आखूड होईल, मग म्हणाल—"

"मापाचाच."

लंकाबाई काही बोलणार होत्या. सुनेच्या तोंडाकडे पाहून थांबल्या. "द्या वो तिला पायजे तसा," एवढंच म्हणाल्या.

स्वेटर तिथेच घातला. बाह्या बरोबर मनगटावर आल्या, बोटभरही जास्त नाही.

बाहेर रिक्षाची वाट बघताना लंकाबाई हळूच म्हणाल्या, "सत्या, माज्या सासूनं मला ही रीत सांगितली, म्या तुला सांगितली. खरं-खोटं कुनाला ठावं? नसती सांगितली तर बरं झालं असतं, बग."

सत्यशीलानं अंगदच्या तोंडातली बाही सोडवली.

"पुढल्या साली दुसरा घिऊ की. लालभडक."

"आत्याबाई," ती अंगदच्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "पुढल्या सालाचं नका काढू."