आधी पाणी, मग झाडू

माझं एकही गॅदरिंग बाबांनी पाहिलेलं नाही. ते नाशिकच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते आणि शाळांची गॅदरिंगं नेमकी सहलींच्या दिवसांत यायची. जिल्ह्यातल्या साऱ्या शाळा वेरूळ-दौलताबादला निघालेल्या, एकेका गाडीसाठी मुख्याध्यापक डेपोत ठाण मांडून बसलेले. कंट्रोलरला रजा कुठली? मी पाचवीत कोळीण झाले, सातवीत भारतमाता झाले. दर वेळी आई पहिल्या रांगेत असायची आणि शेजारची खुर्ची तिने पिशवी ठेवून अडवलेली असायची. गॅदरिंग संपलं की ती पिशवी उचलायची.

आई गेली. बाबा निवृत्त झाले. आणि माझी मुलगी प्रणिता पहिलीत गेल्यावर तिच्या शाळेने, म्हणजे इथल्या कुवेतमधल्या भारतीय शाळेने, मुलींचं कोळीनृत्य बसवलं. त्यात एक मल्याळी कोळीण, एक हैदराबादी, एक नांदेडची आणि एक आमची. कार्यक्रमाची तारीख कळल्याबरोबर मी नवऱ्याला, प्रसादला म्हटलं, "बाबांचा व्हिजिट व्हिसा याच महिन्यात काढ. ते गॅदरिंग बघतील आणि दुसऱ्या दिवशी परत जातील." एका महिन्याचा व्हिसा, त्याचं शेवटचं टोक बरोबर गॅदरिंगच्या पुढच्या दिवशी. मला माझ्या या हिशोबाचं फार कौतुक वाटलं होतं.

प्रसादला कंपनीने अहमदीत बैठं घर दिलेलं आहे. दारापुढे चार फरशा, बाजूला मेंदीचं कुंपण. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी उठून बाथरूममधला मग भरून दारापुढे सडा घालायचे, मग झाडायचे.

"बाबा, इथे पाणी समुद्रातून गोडं करून आणतात," प्रसाद म्हणाला.

"मग मी काय ते उधळतोय? जमिनीलाच देतोय," बाबा म्हणाले. "आधी पाणी, मग झाडू. आमच्या डेपोत एवढं मोठं आवार, पण कधी धूळ उडाली नाही."

दिवसभर ते प्रणितासाठी मासे कापत बसायचे. केकच्या खोक्यांचा चंदेरी कागद, त्याची झुबेदी. इथे पापलेटला झुबेदी म्हणतात, हे त्यांना नातीनेच शिकवलं. टोपली मासळीने भरली, पण नाच मात्र तिने त्यांना एकदाही दाखवला नाही. दार लावून सराव करायची आणि आतून ओरडायची, "नो पीकिंग, आजोबा! इट्स अ सरप्राइज!"

"अगं, कमरेवर हात ठेवतेस का, तेवढं तरी सांग. तुझ्या आईने ठेवला होता म्हणे."

"नॉट टेलिंग!"

मंगळवारी दुपारी आकाश आधी पिवळं झालं, मग विटकरी. धुळीच्या या वादळाला इथले लोक तोझ म्हणतात. मी खिडक्यांच्या फटींवर खोकी बांधायची चिकटपट्टी लावली, दाराखाली ओले टॉवेल सरकवले, तरी रात्रीपर्यंत दातांखाली करकर लागायला लागली. बुधवारी सकाळी टीव्हीवर जाहीर झालं की सगळ्या शाळा बंद. प्रणिता पलंगावर उड्या मारायला लागली. "नो स्कूल! नो स्कूल!" आणि मधल्याच उडीत थांबली. "मम्मा, मग उद्याचं फंक्शन?"

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीशी बसून होते. बाहेर काहीच दिसत नव्हतं, तरी तिकडेच बघत होते. दिवसभर तसेच बसले.

संध्याकाळी प्रसाद रिफायनरीतून आला. पापण्यांवर पावडर बसल्यासारखी धूळ. "खैरानच्या रस्त्यावर अख्खी लेन वाळूखाली गेलीय. लोडर लावलेत उपसायला," तो म्हणाला.

"रात्रीतून निवळेल," बाबा म्हणाले. ते आमच्याशी बोलत नव्हते.

आणि निवळलं. गुरुवारची सकाळ धुतल्यासारखी होती. नाश्त्याच्या वेळी मुख्याध्यापिका फखरुन्निसा मॅडमचा फोन आला. "शलाका, सफाईवाले सब अस्पतालों में लगे हैं. पेरेंट्स थोड़ा हाथ लगा दें तो शाम का प्रोग्राम हो जाएगा."

मी फोन ठेवेपर्यंत बाबांनी पायात चपला घातल्या होत्या. हातात आमचा झाडू.

शाळेचं आवार सिमेंटचं. मधोमध लाकडी फळ्यांचं भाड्याचं स्टेज, त्यावर लाइटवाल्याने सोमवारीच तारा टाकून ठेवलेल्या. सगळ्यावर पिठासारखी मऊ, फिकट धूळ, पाऊल ठेवलं की घोटा बुडत होता. वीस-पंचवीस आईबाप जमले होते. आमच्या ओळखीची रत्नमालाही आली होती. ती नांदेडची, जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळी करून सरळ तिथेच आलेली. तिची मुलगीही कोळीण.

आम्ही झाडायला लागलो. जेवढी धूळ पुढे सारावी तेवढी वर उठायची आणि मागे येऊन बसायची. सगळे खोकायला लागले.

"काका, ही काय जाईना," रत्नमाला नाकाला ओढणी बांधत म्हणाली. "नुसती जागा बदलायली. बस स्टँडवरच्या प्यासिंजरवाणी."

बाबा हसले. मग कमरेवर हात ठेवून आवारभर नजर टाकली. "अगं, असं कोरडं कुणी झाडतं का? आधी पाणी, मग झाडू."

"आता बघा! आमची माय बी हेच सांगायची. इतक्या वर्षांत इसरलेच मी."

मी हिंदीत सांगितलं तशा सगळ्यांच्या माना हलल्या. जळगावच्या, कोट्टायमच्या, हैदराबादच्या. प्रत्येकाच्या अंगणात कुणीतरी पाणी शिंपडत होतं. कुणीतरी बागेचा पाइप ओढून आणला. बाबांनी माणसं वाटून दिली, तुम्ही गेटकडून, तुम्ही वर्गांकडून. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला, फलाटावरून गाड्या सोडायचा. स्टेज त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. बादली घेऊन स्वतः वर चढले आणि ओंजळीने सडा घालत फिरले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रणिता जिथे नाचणार तिथे दोनदा.

पहिल्यांदा सगळ्यांनीच 'वा' म्हटलं. धूळ खाली बसली. गारवा आला.

मग झाडू लावले आणि धुळीचा लगदा व्हायला लागला. बेसन भिजवावं तसा, चिकट, बोटांना सोडेना असा. झाडूच्या काड्या त्यात रुतायला लागल्या. पातळ केलं म्हणजे वाहून जाईल म्हणून पाइप सोडला. आपल्याकडची माती पाणी पिते. इथे खाली सिमेंट, आणि गटाराची जाळी पहिल्या काही मिनिटांतच लिंपून गेली. आवारभर राखाडी चिखल पसरला. स्टेजच्या फळ्यांमधून तो खाली ठिबकायला लागला. मी बाबांना हाक मारणार तोच स्टेजखाली फाटकन आवाज झाला आणि ऑफिसातला पंखा बंद पडला.

लाइटवाला धावत आला. वाकून त्याने खालचा एक डबा ओढून काढला, त्यातून चिखल ओघळत होता. त्याने डबा मॅडमना दाखवला. "मैडम, बच्चों का मामला है. सब खोलके सुखाना पड़ेगा. आज मैं करंट नहीं दूँगा."

फखरुन्निसा मॅडम म्हणाल्या, "ठीक है. अगली जुमेरात."

पुढचा गुरुवार.

बाबांना कुणीही काही बोललं नाही. लोक चिखलाचे पाय झटकत, त्यांच्याकडे न बघता, एकेक करून निघाले. कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं. बाबा स्टेजवरच उभे होते, रिकामी बादली हातात.

"शलू, पुढचा गुरुवार म्हणजे..."

"बघू बाबा. प्रसादला विचारते."

"उद्या विमान आहे माझं."

प्रसादने दुपारभर फोन लावले. पण गुरुवार-शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी, जवाजात, म्हणजे व्हिसाचं ऑफिस, शनिवारशिवाय उघडणार नव्हतं आणि व्हिसा शुक्रवारी संपत होता. "अजून ट्राय करतो," तो म्हणत राहिला. बाबांनीच त्याच्या हातातला फोन खाली ठेवला.

प्रणिता लुगडं नेसून बसली होती. मी पिना काढायला लागले तेव्हा तिने विचारलं, "मम्मा, पाणी कोणी टाकलं?"

"मी टाकलं, बाळा," बाबा दारातून म्हणाले.

"बट व्हाय?"

"तू नाचशील तिथे धूळ नको म्हणून."

ती टोपलीतले मासे मोजल्यासारखं करत बसली.

शुक्रवारी सकाळी मी उठले तर दारापुढची फरशी झाडलेली होती. कोरडीच. पाण्याचा मग बाथरूममध्ये पालथा होता. बाबा तयार होऊन बसले होते.

"शाळेत सोडतेस का जरा? तुझं ते उलथनं दे मला. जाड."

वॉचमनने ओळखलं, गेट उघडलं. आदल्या दिवशीचा चिखल वाळून गिलाव्यासारखा घट्ट झाला होता. बाबा स्टेजवर मांडी घालून बसले आणि फळी फळी खरवडायला लागले. मी खालून जाळी मोकळी करत होते. तासाभराने रत्नमाला आली, हातात तिच्या घरचं उलथनं. तिला मी सांगितलं नव्हतं, वॉचमनने सांगितलं असेल.

"काय काका, स्टेजचं थालीपीठ लावायलात का?" ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबा हसले नाहीत, पण सरकून तिला जागा दिली.

उन्हं चढली तेव्हा स्टेज लख्ख झालं होतं. बाबांनी शेवटी आपल्या टॉवेलने ते पुसलं. मग खाली उतरले, भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांतली एक ओढली आणि समोर मधोमध ठेवून बसले. आमच्याबरोबर आलेली प्रणिता इतका वेळ पायरीवर बसून होती.

"काय कोळीणबाई, आता दाखवता का?"

ती स्टेजवर गेली. मधोमध उभी राहिली. फ्रॉक, पायात सॅंडल. बाबा पुढे झुकले. तिने एक हात उचलला, कमरेकडे नेला आणि खाली सोडला. इकडे तिकडे पाहिलं. डोळे भरून आले.

"आजोबा, आय कान्ट. मेहरिन नाहीये, शीबा नाहीये. मला स्टेप आठवत नाही."

मी पुढे होणार होते. गुणगुणायला, टाळ्या वाजवायला. बाबांनी हातानेच मला थांबवलं.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "एकटीने कसं जाणार मासे धरायला? ये खाली."

त्यांनी तिला उचलून उतरवलं. खुर्ची पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली.

एअरपोर्टवर ते आत जाताना प्रणिताने त्यांच्या खिशात एक कागदी झुबेदी घातली. ते वळून हात हलवायला विसरले. त्यांना दिसलं नसेल, आम्ही कुठे उभे आहोत ते.

पुढच्या गुरुवारी गॅदरिंग झालं. प्रसाद कॅमेरा घेऊन बाजूला उभा होता. मी पहिल्या रांगेत बसले आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली आहे. एका बाईने विचारलं, "यहाँ कोई है?"

"है," मी म्हटलं.

प्रणिता नाचली. एकदाही चुकली नाही.

शुक्रवारी बाबांना फोन लावला. मला वाटलं, आधी तिचंच विचारतील.

"शलू, स्टेज कोरडं होतं ना गं? कुणी घसरलं नाही ना?"

"कोरडं होतं, बाबा. कुणी नाही घसरलं."

"बरं झालं." मी म्हटलं, "कॅसेट पाठवते हं. प्रसादने सगळं घेतलंय."

"पाठव. पण ती येईल तेव्हा येईल. तू सांग."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ते बसले असावेत.

"आधी अंधार होता बाबा," मी म्हटलं. "मग एकदम निळा लाइट आला, आणि डाव्या बाजूने त्या आल्या, टोपल्या डोक्यावर, आपली प्रणिता दुसरी. आणि हो, हात कमरेवर ठेवला होता."