माझ्यावर ‘बटणं’ लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. माझ्या पोटावर ‘बटणं’ अशी चिठ्ठी आहे. ही चिठ्ठी बरेच दिवस खोटी होती, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे, तरी सांगते.

कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यात वनस्पतींच्या अर्काच्या गोळ्या भरल्या आणि वर लेबल चिकटवलं. पन्नाशीच्या आसपास बायकांची पाळी कायमची थांबते. त्या काळात कित्येकींच्या अंगातून एकाएकी वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. त्यासाठी मी होते. लेबलावर मोठ्या अक्षरांत ‘संतुलन – पाळी थांबतानाच्या त्रासासाठी’ होतं आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारा’.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी, नणंदेच्या सांगण्यावरून, मला विकत घेतलं. घरी येताच त्यांनी मला कोमट पाण्यात बुडवून कात्रीच्या टोकानं लेबल खरवडलं. नवऱ्यानं वाचलं तर? मुलानं वाचलं तर? मग ही चिठ्ठी लावून मला शिवणयंत्राच्या खणात कोंबलं.

इस्त्री करता करता त्यांना दरदरून घाम फुटायचा. मग हळूच खण उघडायचा. “बरं वाटतंय हो, वन्सं,” असं त्या फोनवर सांगायच्या. श्रेय माझं की नव्या पंख्याचं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण तेव्हा मी फुगले होते.

पुढे त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ करण्याची गोळी लिहून दिली आणि विचारलं, “आणखी काही घेता का, ताई?”

“छे हो! काहीच नाही.”

दुपारच्या गोळीसाठी सोबत घेतलेली मी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतच होते! त्यांच्या लेखी मी औषध नव्हतेच, नुसता झाडपाला. मला तोंड आहे, पण आवाज नाही. काय करणार?

मग एकदा सुई टोचली आणि रक्त थांबेना. पांढरी कॉलर लाल झाली. दंडावर काळेनिळे डाग उठले. बाई बोटाला चिंधी बांधून शिवत राहिल्या, आणि माझ्यातल्या दोन गोळ्या रोज घेत राहिल्या. मी आतल्या आत जळत होते.

एका सकाळी नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं. त्यानं खण उघडला, मला तळहातावर उपडं केलं.

“अगं, ही कसली बटणं? भोकंच नाहीत!”

बाई आधी हसल्या, मग रडल्या. “अहो, त्या... पाळी गेल्यावरच्या त्रासाच्या आहेत.”

“मग मी काय परका आहे?” म्हणताना त्याची नजर चिंधीवर गेली. तो त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं. “यात काय काय आहे? लेबल कुठंय?”

“खरवडलं. लाज वाटली.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्या बंद केल्या, रक्त तपासलं. “यांच्यामुळे झालं असेल, नसेलही. लेबलावरचे घटक वाचता आले असते तर सांगता आलं असतं.”

बाई आता बऱ्या आहेत. वाफा अजून येतात, पण आता त्या सगळ्यांदेखत “पंखा वाढवा रे!” म्हणतात. माझ्यात खरीखुरी बटणं आहेत. मात्र दोष माझा होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, घरात बिननावाची बाटली दिसली तर हसू नका. “आई, हे कशासाठी घेतेस?” एवढंच विचारा. तसं विचारणारं कुणी असतं, तर माझं लेबल आज जागेवर असतं.